मुका, बहिरा, डोंगा, भोंदू: मराठी कवितेतली गरिबी, अपंगत्व आणि धर्मातलं ढोंग वाचताना पडणारे प्रश्न

संतकविता शिकवताना, भजनी मंडळात भारुड बसवताना, रसग्रहण लिहायला बसल्यावर काही प्रश्न हटकून येतात. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या. सगळीकडे एकच गोष्ट धरून चाललो आहे: कवितेत गरीब किंवा अपंग माणूस दिसला की आधी विचारायचं, इथे बोलतंय कोण, आणि ज्याचं शरीर किंवा ज्याचं दारिद्र्य वापरलं आहे तो माणूस या कवितेत आहे तरी का?

एकनाथांच्या भारुडातला मुका खरोखर मुका आहे का?

नाही. तो पंडित आहे. भारुड सुरूच होतं 'मुका झालो वाचा गेली' या ध्रुपदाने आणि लगेच पुढे येतं, 'होतो पंडित महाज्ञानी'. दशग्रंथ, षट्शास्त्रं, पुराणं, चारी वेद मुखोद्गत. मग एका फटक्यात, 'गर्वामध्ये झाली सर्व हानी'. पुढच्या कडव्यात 'जिव्हा लांचावली भोजना' म्हणत दूध, तूप, साखर, पक्वान्नं येतात. शेवटाकडे साधुसंतांची केलेली निंदा येते.

कडव्यांची ही रचना नीट पाहा. जिभेची कामं किती? बोलणं आणि चाखणं. बोलण्यातही पाठ म्हणणं वेगळं, निंदा करणं वेगळं. नाथांनी या सगळ्याचा हिशेब ओळीने मांडला आहे. वेद म्हणताना जीभ गर्वाने बाटली, जेवताना लालचीने, आणि साधूंबद्दल बोलताना द्वेषाने. म्हणजे ही मुक्या माणसाची कहाणी नव्हेच, एका जिभेची आहे. धार्मिक म्हणवणारा माणूस जिभेनेच मोठा झाला आणि जिभेनेच बुडाला.

त्यात भारुड हे सोंगासकट गायचं. टाळ-पखवाजाच्या साथीने खड्या आवाजात माणूस 'वाचा गेली' असं गातो. समोरच्यांना पहिल्याच ओळीला कळतं की गेलेली वाचा घशातली नव्हे. हा विरोध छापील पानावर दिसत नाही, ऐकल्यावर मात्र लगेच कळतो. म्हणून भारुडाचं रसग्रहण नुसतं वाचून करू नये, एकदा तरी ऐकावं.

मग आक्षेप कशाला घ्यायचा? रूपकच आहे ना?

रूपक आहे, पण ते उभं आहे एका समजुतीवर: वाचा जाणं ही शिक्षा असते आणि शिक्षा म्हटली की आधी पाप असतं. 'बहिरा' या भारुडातही तीच चाल आहे. हरिकीर्तन ऐकलं नाही, संतांची कीर्ती कानावर घेतली नाही, आईने हाक मारली तर ओ दिली नाही, म्हणून बहिरेपण आलं. पंडिताला टोला बसावा म्हणून हे लिहिलं, पण त्याच श्रोत्यांत जन्मतः न ऐकणाऱ्या मुलाची आई बसलेली असेल तर तिच्या कानावर काय पडतं? 'कुठल्या जन्माचं पाप' हे वाक्य तिने शेजारपाजारच्यांकडून आधीच ऐकलेलं असतं. भारुडाने ते निर्माण केलं नाही, पण खोडलंही नाही.

आणखी एक बाब सहसा कोणी बोलत नाही. न बोलणाऱ्या बहुतेक माणसांच्या कंठात काही दोष नसतो. जन्मापासून ऐकू न आल्यामुळे बोली भाषा कानावर पडत नाही, म्हणून ती तोंडी येत नाही. म्हणजे मुका आणि बहिरा हा पुष्कळदा एकच माणूस. भारुडांत मात्र ही दोन वेगळी सोंगं आहेत आणि दोघांच्या पापांच्या याद्या वेगवेगळ्या. यावरून उघड दिसतं की नाथांच्या नजरेसमोर ते शरीर नव्हतं. डोळ्यांसमोर इंद्रियं होती, आणि त्या इंद्रियांचा गैरवापर करणारा धडधाकट माणूस होता.

म्हणजे एकनाथांना असंवेदनशील म्हणायचं?

तसं म्हणून काहीच हाती लागत नाही. नाथ १५३३ ते १५९९ या काळातले, पैठणचे, ब्राह्मण घरातले. त्यांनी भारुडांत महार, वासुदेव, जोशी, गोंधळी अशी सोंगं घेऊन गावकुसाच्या आतबाहेरची बोली मराठी कवितेत आणली. श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांआधी अस्पृश्यांना जेवू घातल्याची त्यांची आख्यायिका आजही कीर्तनात सांगतात. कर्मविपाकाची, म्हणजे मागच्या कर्माचं फळ भोगावं लागतं ही कल्पना त्या काळच्या हवेतच होती. तिच्याबाहेर उभं राहून कोणी लिहीत नव्हतं. आपण तिच्याबाहेर उभे राहून वाचू शकतो, एवढाच फरक. टोला कोणाला आहे आणि लागतो कोणाला, या दोन्ही गोष्टी एकाच उत्तरात लिहिता येतात. त्यातली एकच लिहिली की उत्तर अर्धं राहतं, मग ते भक्तीने लिहिलेलं असो की रागाने.

'मला दादला नको गं बाई' ही गरिबीची कविता की अध्यात्माची?

दादला म्हणजे नवरा. या प्रश्नावर वर्गात नेहमी दोन तट पडतात. मला स्वतःला हे नाथांचं सर्वांत सुंदर भारुड वाटतं, म्हणून जरा रेंगाळतो.

'मोडकेसे घर तुटकेसे छप्पर । देवाला देवघर नाही' अशी सुरुवात आहे. घर पडायला आलंय, छपराचा भरवसा नाही, आणि या बाईला पहिली उणीव कोणती आठवते? देवाला जागा नाही ही. स्वतःच्या अंगावरचं लुगडं त्यानंतर येतं: 'फाटकेच लुगडे तुटकीशी चोळी । शिवाया दोरा नाही'. इथे थांबा. फाटकं लुगडं कोणीही लिहील. गरिबीचं चित्र काढायचं म्हटलं की चिंध्या आल्याच. पण ते शिवायला दोरा नाही हे ज्याने घर आतून पाहिलंय त्यालाच सुचतं. फाटणं एकदाच होतं, दोरा मात्र रोज नसतो. मग 'जोंधळ्याची भाकर आंबाड्याची भाजी । वर तेलाची धार नाही'. अंबाडीची भाजी आंबट, वरून तेलाची फोडणी पडली तर चव येते. भूक भागत नाही अशी इथली तक्रार नाही, कारण भाकर आहे, भाजी आहे. नाही ती धार. दारिद्र्य म्हणजे काहीच नसणं हा बाहेरच्याचा समज. आत राहणाऱ्याला असलेल्या गोष्टीतली उणीव टोचते.

पुढे मोडका पलंग, तुटकी नवार, नरम बिछाना नाही. नंतर सुरतेचे मोती आणि सोन्याचे दागिने. इथे मात्र सूर बदलतो. तेलाच्या धारेवरून एकदम मोत्यांवर उडी? दोरा नसलेली बाई सुरतेच्या मोत्यांची तक्रार का करते? ऐकणारे इथे हसतात. हसू येतं म्हणूनच ओळखायचं की कविता आता वास्तवाच्या काठावरून रूपकात उतरू लागली आहे. शेवटी 'एका जनार्दनी समरस झाले । तो रस येथे नाही'. घर म्हणजे हा देह, दादला म्हणजे अविवेक किंवा अहंकार, आणि हवा आहे तो समरसतेचा रस.

परंपरागत विवेचनात या शेवटच्या ओळीवर पानंच्या पानं मिळतील आणि दोऱ्यावर एक ओळही नाही. मला हे उलटं वाटतं. एक कसोटी लावून पाहा: शेवटचं कडवं झाकलं तर कविता उभी राहते का? राहते, चांगली ठणठणीत. आता पहिली चार कडवी झाकून फक्त अध्यात्म ठेवलं तर? काही उरत नाही. मुक्याच्या भारुडात हीच कसोटी लावली तर पंडित उरतो आणि मुका माणूस नाहीसा होतो. 'दादला'मधली गरीब बाई मात्र अध्यात्म काढून घेतल्यावरही तिथेच उभी असते. गरिबीचा रूपक म्हणून वापर दोन्हीकडे होऊ शकतो. फरक कवीने माणूस पाहिला की नाही यात पडतो.

'भवानीआई रोडगा वाहीन तुला' यात ढोंगाची थट्टा कुठे आहे?

सौद्यात आहे. रोडगा म्हणजे गोवरीच्या विस्तवावर भाजलेला कणकेचा जाड गोळा, अगदी स्वस्तातला नैवेद्य. त्या बदल्यात मागणं काय? सासरा गावाला गेलाय, तिकडेच खपव. सासू जाच करते, निर्दाळ. जाऊ फडफड बोलते, तिला बोडकी कर. नणंदेचं पोर किरकिर करतं, 'खरूज होऊ दे त्याला'. एका रोडग्यात अख्खं घर रिकामं! नवस बोलणाऱ्या भक्तीचा हिशेब इतक्या निर्लज्जपणे उघडा केलेली ओळ दुसरीकडे सापडायला कठीण.

वर परत अध्यात्म आहेच: 'एकलीच राहू दे मला', म्हणजे नात्यांच्या पाशातून सुटका. पण खरूज आणि बोडकेपण ही इथे शापाची चलनं आहेत, हेही टिपून ठेवा. रोग आणि वैधव्य देवीच्या हातात दिलेली हत्यारं म्हणून येतात. श्रोते हसतात ते सुनेच्या धिटाईला. विधवा बाई त्याच बैठकीत असेल तर तिचं हसू कसलं असेल, सांगता येत नाही.

चोखोबांच्या 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' मध्ये अपंगत्व आहे की जात?

शरीराची भाषा आहे, विषय जात आहे. चोखोबा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार जातीतले. डोंगा म्हणजे वाकडा, वेडावाकडा. ऊस वाकडा, रस वाकडा नाही. कमान वाकडी, तीर सरळ जातो. नदी वळणं घेते, पाणी वाकडं नसतं. आणि मग 'चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा'.

हा अभंग शिकवताना तो 'अंतरंग महत्त्वाचं, बाह्यरूप नव्हे' एवढ्यावर आटोपतात. तसा तो सुविचारांच्या फळ्यावर जाऊन बसतो. पण उपमांचा क्रम पाहा. ऊस पिळल्यावर रस मिळतो. कमान वाकते म्हणूनच तीर सुटतो. सरळ काठीने बाण मारता येत नाही. म्हणजे इथलं वाकडेपण नुसतं माफ केलेलं नाही, ते कामाचं आहे. ही गोष्ट चोखोबा उघड बोलत नाहीत, उपमेत ठेवतात.

त्याच्या शेजारी ज्ञानेश्वरांचं पसायदान ठेवा: 'जे खळांची व्यंकटी सांडो'. तिथेही वाकडेपणच आहे, पण तो दुष्टांचा दोष आहे आणि तो गळून पडावा असं मागणं आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची आणि चोखोबा त्याच पिढीच्या आसपासचे. ज्याला समाज आधीच वाकडा म्हणून बसला आहे तो 'माझं वाकडेपण जाऊ दे' असं मागत नाही. तो विचारतो, तू वरच्या रंगाला का भुललास? प्रश्न पाहणाऱ्याला आहे.

तरी एक अडचण उरते आणि ती झाकू नये. 'चोखा डोंगा' हे त्यांनी मान्य केलं आहे. वरचं वाकडं आहे ते आहे, आतलं पाहा, अशी ही विनवणी आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई तेवढंही मान्य करत नाहीत: 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' अशी सुरुवात करून त्या पुढे विचारतात, 'देहीचा विटाळ देहीच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म'. विटाळाशिवाय देह जन्मतच नाही, मग सोवळा कोण? नवरा उपमेने पटवतो, बायको थेट उलटतपासणी घेते.

हा इतिहास कवितेच्या रसग्रहणात आणायचा का?

आणा, पण दोन-तीन ओळींत. चोखोबा मंगळवेढ्याचे. तिथे गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले असं परंपरा सांगते. समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, म्हणजे देवळाच्या बाहेर. ते देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. 'वरलिया रंगा' भुलणं सहाशे वर्षं चाललं, हे सांगायला तेवढं पुरे.

देवालाच ढोंगी म्हटलेली कविता आहे का?

आहे. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा:

'आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुझ्या चित्ता ॥
आमचे घरी भात दही । खावोनि कैसा म्हणसी नाही ॥'

देव चोखोबांच्या घरी जेवून गेल्याच्या कथा आहेत, त्यांचा हा दाखला. आमच्या ताटातलं दहीभात खाल्लंस आणि आता नाकारतोस? उष्टं खाऊन जन्म गेला तो यांचा, आणि यांच्या घरचं जेवून नामानिराळा राहिला तो देव. दोन ओळींत दोन जेवणं समोरासमोर ठेवली आहेत. विशेषण एकही नाही. 'हृदयद्रावक', 'विदारक' असलं काही इथे लिहायची गरजच पडत नाही, आणि रसग्रहणातही पडू नये.

तुकोबा 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' म्हणतात. गरिबी चांगली असं त्यांना म्हणायचं आहे का?

आधी दुसरा अभंग वाचा. १६३० ते १६३२ च्या दख्खनच्या दुष्काळाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं. त्याबद्दल ते लिहितात: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. पैसा आटला, त्यासोबत मान गेला, कारण बाजारात दोन्ही बरोबरच राहतात. मग बायको. 'उपासमारीने निधन पावली' असं नाही. 'अन्न अन्न करितां मेली'. तो शब्द दोनदा येतो तेव्हा तो तिच्या तोंडचा असतो. गाथेत तिचा आवाज एवढाच.

आता 'बरें जालें'. दिवाळं निघालं, बरं झालं. दुष्काळाने पीडा केली, बरी केली. बायको कर्कशा, बरं. जनात दुर्दशा, अपमान, धन गेलं, ढोरंगुरं गेली, तेही बरं. यादी मोठ्याने वाचून पाहा. तिसऱ्या-चौथ्या 'बरें'नंतर तो शब्द समाधानाचा वाटेनासा होतो. दात आवळून म्हटल्यासारखा वाटू लागतो. गेलेली प्रत्येक गोष्ट नावाने मोजली आहे. ज्याला खरंच काही वाटत नाही तो ढोरंगुरं मोजत बसत नाही.

आपल्याकडे हा अभंग दुसऱ्याच्या दुःखावर लावायची खोड आहे. कर्जात बुडालेल्या माणसाला 'तुकोबाही म्हणाले होते' असं ऐकवतात. अभंग प्रथमपुरुषी आहे. स्वतःचं जळलेलं घर पाहून 'बरं झालं' म्हणता येतं. शेजाऱ्याचं पाहून म्हटलं तर त्याला वेगळं नाव आहे, आणि ते नाव तुकोबांनीच पुढच्या प्रश्नात दिलं आहे.

भोंदू कसा ओळखायचा?

तुकोबांची पद्धत शिंप्याची आहे, कपड्यांवरून माप काढायची. 'अंगा लावूनियां राख । डोळे झांकुनी करिती पाप'. 'टिळा टोपी घालुनि माळा म्हणती आम्ही साधु'. राख, टिळा, टोपी, माळ: सगळं बाहेरून चढवलेलं, म्हणून सगळं उतरवता येण्यासारखं. 'डोळे झांकुनी' यात दुहेरी खोच आहे. ध्यानालाही डोळे मिटतात, आणि न पाहिल्यासारखं करायलाही. याच्या उलट बाजूला 'जे कां रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले'. साधूची खूण काय? अंगावर काहीच नाही, फक्त कोणाला आपलं म्हटलं तेवढं.

पण तुकोबांची धार कधीकधी भलतीकडे लागते, हेही लिहायला हवं. कलियुगात घरोघरी संत झाले आणि वीतभर पोटासाठी दारोदार हिंडतात, असं ते चिडवतात. 'भिक्षापात्र अवलंबणें । जळो जिणें लाजिरवाणें' हा तर सुप्रसिद्ध. रोख साधुत्वाचा धंदा करणाऱ्यावर आहे, मान्य. पण वीतभर पोट भोंदूलाही असतं आणि उपाशी माणसालाही. ओळ दोघांत फरक करत नाही. दुष्काळात 'अन्न अन्न' ऐकलेल्या माणसाने ही ओळ लिहिली, याची सांगड कशी घालायची? माझं मत असं की ज्या माणसाने मान गमावल्याचा चटका सोसला आहे त्याला मागण्यातली लाचारी सर्वांत जास्त बोचते. हे समर्थन नव्हे, कारण शोधणं झालं.

अपंग माणसाने स्वतः लिहिलेलं काही परंपरेत आहे का?

गुलाबराव महाराज (१८८१–१९१५), अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. तान्हेपणीच दृष्टी गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, सांगून लिहवून घेत, आणि एवढ्या अल्प आयुष्यात त्यांची ग्रंथसंख्या थक्क करणारी आहे. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. त्यांना लागलेलं विशेषण 'प्रज्ञाचक्षू'. आदराचं आहे, पण त्यातून अंधत्वाचा रोजचा व्यवहार पुसला जातो: पोथी कोणी वाचून दाखवली, लिहून कोणी घेतलं, तो माणूस आला नाही त्या दिवशी काय झालं. त्यांच्या लेखनाकडे जाताना हे प्रश्न बरोबर घेऊन जा.

आख्यायिकेतले म्हणाल तर कूर्मदास. पैठणचा हा भक्त, हातापायांनी अधू, सरपटत पंढरीला निघाला. लऊळपर्यंत पोचला, पुढे जाववेना, तेव्हा विठ्ठलच तिथे भेटायला आला. या कथेत देव त्याला हातपाय देत नाही. तो स्वतःच उठून त्याच्याकडे जातो. अपंगत्वाच्या कथांचा शेवट बहुधा बरं होण्यात होतो, जशी कृष्णाने सरळ केलेली कुब्जा. कूर्मदासाची कथा तो शेवट टाळते, म्हणून मला ती जास्त आवडते.

लिहिताना 'अपंग' म्हणायचं की 'दिव्यांग'?

अवतरणात मूळ शब्द तसाच. तुमच्या वाक्यात मुका, आंधळा, लंगडा हे शब्द विशेषनामासारखे वापरू नका. 'कर्णबधिर व्यक्ती', 'दृष्टिहीन' चालेल. 'दिव्यांग' हा शब्द २०१५ नंतर सरकारी वापरात रुळला, महाराष्ट्रात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. पण अनेक अपंग कार्यकर्त्यांना तो खटकतो. रॅम्प नाही, लिफ्ट बंद, आणि अंग मात्र दिव्य! पाप म्हणणं काय आणि दैवी म्हणणं काय, दोन्हींत माणसाच्या शरीराचा निकाल वरच्या दरबारात लागतो. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. ती यादी एकदा वाचली तर 'मुका, बहिरा, आंधळा, पांगळा' ही चौकडी किती अपुरी आहे हे कळतं.

आधुनिक कवितेत ही भाषा कशी बदलली?

मोठा विषय. तीनच खुणा सांगतो.

नारायण सुर्वे यांची 'भाकरीचा चंद्र शोधण्यातच जिंदगी बरबाद झाली' ही ओळ सर्वांना पाठ असते. तिच्याआधी शेकडो वेळा खरा चंद्र उगवून गेलेला आहे. प्रेमकवितेतली सर्वांत गुळगुळीत झालेली वस्तू उचलून त्यांनी तव्यावर ठेवली. १९६२ च्या त्यांच्या संग्रहाचं नावच 'ऐसा गा मी ब्रह्म'. गिरणगावातल्या कामगाराने ब्रह्म हा शब्द स्वतःसाठी वापरला, परवानगी न मागता.

विंदा करंदीकरांची 'माझ्या मना बन दगड'. अन्नाशिवाय, कपड्याशिवाय कुडकुडणारे जीव पाहू नकोस, 'डोळे शिव' असं ते स्वतःलाच बजावतात. आंधळेपण इथे शिक्षा म्हणून येत नाही. धडधाकट मध्यमवर्गीय माणूस ते सुईदोऱ्याने स्वतः शिवून घेतो. (नाथांच्या बाईला जो दोरा मिळाला नाही तो इथे सापडला, असं एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं. तिला पूर्ण गुण दिले.)

तिसरी खूण कवितेतली नाही. गाडगेबाबांचा (१८७६–१९५६) दशसूत्री संदेश: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, आणि पुढे 'अंध, पंगू, रोगी यांना औषधोपचार'. याला ते रोकडा धर्म म्हणतात. शब्द तेच, अंध आणि पंगू, पण आता त्यांचा अर्थ अंध आणि पंगू एवढाच आहे. गावात आले की आधी झाडू घ्यायचा, मग भाकरी. 'भिक्षापात्र अवलंबणें' या ओळीला झाडूने दिलेलं हे उत्तर होतं म्हणायला हरकत नाही.

रसग्रहणात कोणती वाक्यं टाळावी?

'कवीने गरिबीचे विदारक चित्र रेखाटले आहे.' हे वाक्य 'दादला'ला, सुर्व्यांना, कर्ममेळ्याला, कोणालाही चिकटतं. म्हणजे ते कोणाबद्दलच नाही. त्याऐवजी असं लिहा: 'भाकर-भाजी आहे, तेलाची धार नाही, अशी तक्रार करून ही बाई उपासमारीपेक्षा रोजच्या टंचाईबद्दल बोलते.' तसंच 'संतांनी दांभिकतेवर आसूड ओढले' हे वाक्य कायमचं रजेवर पाठवा. कोणत्या दांभिकतेवर, कोणत्या ओळीत, आणि आसूड दुसऱ्या कोणाला लागला का, हे सांगा.

आमच्या भजनी मंडळात 'मुका' बसवायचं आहे. बसवावं का?

जरूर. फक्त सोंग कोणाचं आणायचं ते आधी ठरवा. बरेच जण अडखळत, तोंड वाकडं करून, हातवारे करत मुक्या माणसाची नक्कल करतात आणि हशा मिळवतात. भारुडात तसा माणूस नाहीच. त्यात दशग्रंथी पंडित आहे. उपरणं, पोथी, तुपाची वाटी, समोर वाढलेलं ताट ही सामग्री ठेवा. गाणाऱ्याने वेदपाठाच्या घोषात ऐटीने सुरुवात करावी, आणि 'गर्वामध्ये झाली सर्व हानी' या ओळीला पखवाज थांबवावा. हशा पंडितावर यायला हवा, आणि येतो. बैठकीत कर्णबधिर माणूस असेल तर खुणांची भाषा जाणणारा कोणी शेजारी बसवा, म्हणजे हा टोला कोणाला आहे ते त्यालाही कळेल.